शिरस्तेदारांचा रोजनामा

माझी सासुरवाडी रोह्याची. त्या आळीत एक मामा आहेत. तसे सख्खे मामेसासरे नव्हेत, सासूबाईंच्या आतेभावांपैकी. पण पेणचा जावई रोह्यात पाऊल टाकतो तेव्हा सगळी आळीच त्याची सासुरवाडी होते, म्हणून ते मामा आणि मी जावईबापू. बाकीचा गाव त्यांना ‘शिरस्तेदार’ म्हणतो. सरकारी कागदावर त्या पदाचं नाव आता अधीक्षक झालंय, पण ते सपक नाव ना गावाला रुचलं, ना मामांना. चौतीस वर्षं त्यांनी एका तालुक्याच्या कोर्टात काढली. कुठल्या ते लिहीत नाही. हा लेख मामा वाचणार आहेत, आणि वाचताना हातात पेन्सिल घेऊन बसणार आहेत.

नाराज माणसांचं आमच्या भागात दुर्भिक्ष नाही. हायवेवर नाराज, पावसावर नाराज, पाऊस नसला तर उकाड्यावर नाराज. पण ती आयती नाराजी झाली. मामांची नाराजी हौसेची असते. तिकीट काढून, डबा घेऊन, दिवा-रोह्याच्या खिडकीत बसून ते ती मिळवायला जातात. अट एकच, ज्याच्यावर नाराज व्हायचं त्याला आधी मोठा पुरस्कार मिळालेला हवा. विनापुरस्कार सिनेमावर मामा कधीच नाराज होत नाहीत. टीव्हीवर दुपारी लागलेला कसलाही मारधाडीचा सिनेमा ते आवडीने बघतात आणि नायकाने एका हाताने जीप उलटवली तरी चकार शब्द काढत नाहीत. “त्याला कुणी चांगला म्हटलंय का? मग मी कशाला वाईट म्हणू?”

दर साली ते पेणला येतात ते गणपतीसाठी. रोह्यात मूर्ती मिळत नाहीत असं नाही, पण मूर्ती पेणची, हा पुरस्कारच झाला. पाट आधी देऊन ठेवलेला असतो. कारखान्यात शिरले की रंगाचा वास छातीभर घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि मूर्तीसमोर उकिडवे बसतात. पेणच्या कारागिराचं सगळं कसब डोळ्यांच्या आखणीत असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. मग ते आखणीवरच येतात.

“गेल्या वर्षी गणपती माझ्याकडे बघत होता. यंदा तो माझ्या मागे बघतोय.”

“मागे जावई उभे आहेत ना, काका,” कारखान्यातला पोरगा म्हणाला, हातातला ब्रश न थांबवता.

मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्यात तेवढं बघण्यासारखं काही आहे का, हे तपासलं. मग मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला आणि ती दोन्ही हातांनी अशी उचलली, की पुढचा तासभर त्यांना नाक खाजवायची सोय राहिली नाही. रोह्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत त्यांनी मूर्ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

तर सिनेमा. मामांकडे एक लांबट वही आहे, कापडी पुठ्ठ्याची. पाहिलेल्या प्रत्येक नावाजलेल्या सिनेमाचा त्यात रोजनामा लिहिलेला आहे. ज्यांचा कोर्टाशी संबंध आलेला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो: प्रकरणात त्या दिवशी काय झालं, कोण आलं, कोण आलं नाही, पुढची तारीख कोणती, याची नोंद म्हणजे रोजनामा. एकदा मला ती वही हाताळायला मिळाली. ‘वळू’ (२००८): “वादी हजर. जनावर ताब्यात घेताना पंचनामा नाही. निकाली.” ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, जो ऑस्करला धाडला होता: “घरातील चीजवस्तू विकताना पत्नीची लेखी संमती घेतलेली दिसत नाही. निकाली.” ‘देऊळ’, ज्याला राष्ट्रीय पुरस्कार: “गाय सापडली. दत्ताविषयी पुरावा ऐकीव. निकाली.” प्रत्येक नोंदीत वादी स्वतः मामा. प्रतिवादी, म्हणजे सिनेमा काढणारा, अर्थातच कायम गैरहजर.

आणि मग चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ आला.

नावापासूनच तो मामांच्या हद्दीत होता. २०१४च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले, ते मामांनी कात्रण कापून ठेवलं. २०१५च्या मार्चमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांचा मला फोन आला. दिग्दर्शक अवघा अठ्ठावीस वर्षांचा. “अठ्ठावीस! अहो, अठ्ठाविसाव्या वर्षी मला नक्कल विभागात शाई भरायला ठेवला होता.” शिवाय पेपरात छापून आलं होतं, की न्यायव्यवस्थेवरचा हा बोचरा उपहास आहे. मामांनी उपहासातला हास तेवढा उचलला. चौतीस वर्षांत कोर्टात हसायची सोय नव्हती. ती थकबाकी एकदम वसूल होणार, अशा थाटात ते १७ एप्रिलची वाट बघत राहिले.

सिनेमा अर्थात रोह्यात लागणार नव्हता आणि पेणलाही नाही. वाशी गाठावी लागली. मामा रोह्याहून गाडीत बसले, मी पेणला चढलो. माझ्या आईने त्यांच्यासाठी पोह्याचे पापड तळून डब्यात भरून दिले होते. मल्टिप्लेक्सच्या दारात पिशवी तपासणाऱ्याने तो डबा काढून घेतला. बाहेरचं खाणं चालत नाही.

“जप्त करताय?” मामांनी विचारलं.

“इथं ठेवतो काका. जाताना घेऊन जा.”

“मग मुद्देमालाची पावती द्या. नग किती, कुठल्या स्थितीत, कुणासमक्ष.” त्या पोराने मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे. शेवटी मामांनी स्वतःच तिकिटाच्या मागे ‘पापड नग ११, पैकी १ मोडका’ असं लिहून त्याची सही घेतली आणि आम्ही आत गेलो.

आत वीस-पंचवीस माणसं असतील. ज्यांनी ‘कोर्ट’ पाहिलाय त्यांना माहीत आहे, की त्यातला कॅमेरा एकदा बसला की बसला. माणसं येतात, बोलतात, जातात. तो हलत नाही. पहिली दहा मिनिटं मामांनी हे सोसलं, मग कुजबुजले, “कॅमेरावाला जेवायला गेला काय?” पण सेशन्स कोर्टाची खोली आली आणि मामा सावरून बसले. माहेरच्या अंगणात लेक यावी तसा त्यांचा चेहरा झाला. “गठ्ठे बरोबर आहेत,” ते म्हणाले. “पंखा बरोबर. साहेब सांगतात तेच टायपिस्ट घेतोय, साक्षीदार सांगतो ते नाही. बरोबर.” पुढच्या रांगेतल्या मुलीने वळून पाहिलं. मामांनी तिला मान लववली. त्यांना वाटलं, ती नोंद घेतेय.

गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईतला एक म्हातारा शाहीर, नारायण कांबळे. त्याच्यावर खटला. का, तर त्याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला म्हणे. गाण्यांची बाजू संभाजी भगतांची, सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी, बचावाचा वकील विवेक गोंबर, जो या सिनेमाचा निर्मातासुद्धा आहे. बाकी बरीचशी माणसं कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली. हे मी मामांना सांगितलं, तर म्हणाले, “साधी माणसं बघायला वाशीपर्यंत कशाला यायचं?”

मला हसू कुठे आलं ते सांगतो. एक बाई बिनबाह्यांचा पोशाख घालून कोर्टात येते, आणि तेवढ्यावरून न्यायाधीश तिचं प्रकरण त्या दिवशी चालवतच नाहीत. मी फस्सकन हसलो.

“काय झालं?” मामा.

“मामा, बाह्या नाहीत म्हणून पुढे ढकललं.”

“मग? तारीख दिली की.”

पुढे एक पंच येतो. उलटतपासात निघतं, की हा पठ्ठ्या पोलिसांच्या बऱ्याच प्रकरणांत पंच म्हणून उभा राहिलेला आहे. मी पुन्हा हसलो. मामांनी या वेळी नुसतं वळून पाहिलं. बाहेर पडल्यावर म्हणाले, “तो पंच अगदी बरोबर दाखवलाय. पण त्यात हसण्यासारखं काय? रोज नवा पंच कुठून आणायचा? माणूस सवयीचा असला म्हणजे सही कुठे करायची ते दाखवावं लागत नाही.” सरकारी वकीलबाई संध्याकाळी घरी जातात, स्वयंपाक करतात, पोरांना वाढतात, हेही त्यांना खटकलं. “बोर्ड संपल्यावर वकील काय खातात ते रोजनाम्यात येत नसतं.”

एकदाच ते गप्प झाले. त्या मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. सरळ, कोरड्या आवाजात सांगते, नवरा गटारात उतरण्याआधी आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा आणि उतरायचा. वास सोसवत नाही म्हणून दारू प्यायचा. बाई रडत नाही. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. “साक्ष चांगली झाली,” एवढंच म्हणाले. काच आधीही स्वच्छ होती.

मग शेवट. कांबळेंना एका प्रकरणातून सोडवेपर्यंत दुसऱ्यात धरलेलं असतं. वकील जामिनासाठी जीव तोडून बोलतो, न्यायाधीश नाकारतात, वाटल्यास हायकोर्टात जा म्हणतात, आणि उन्हाळ्याची सुट्टी लागते. लोक उठतात. खोली रिकामी होते. एकेक दिवा मालवला जातो. पडदा काळा.

मामा ताडकन उठून उभे राहिले.

गाडीची घाई होती हे खरं, पण मामा गाडीसाठी उठले नाहीत. चौतीस वर्षं शिपायाने दिवा घालवला की मामा उठत आलेत. कोर्ट उठलं की उठायचं. मला दंडाला धरून त्यांनी अंधारातून बाहेर काढलं, जिन्यावरून उतरवलं, दारात तिकीट दाखवून मुद्देमाल मोजून घेतला (नग ११, मोडके २, त्यावरून थोडी चकमक), आणि आम्ही हार्बर पकडून पनवेलला येऊन रोहा गाडीत बसलो.

आपट्याच्या पुढे निकाल सुरू झाला. “हे सगळं मी चौतीस वर्षं पाहिलंय, जावईबापू. तिकीट न काढता. उलट सरकार मला पगार देत होतं.” जिते गेलं. “हसू कुठे होतं? मला दाखवा. कुठल्या पानावर?” हमरापूर गेलं. “आणि हा कसला शेवट, दिवे घालवले की संपलं? दिवे तर मीही घालवत होतो. मला दिलं का कुणी व्हेनिसला काही?” पेण आलं, मी उतरलो. गाडी सुटताना पाहिलं, मामा समोरच्या बाकावरच्या कोळणीकडे वळले होते. बिचारीला नागोठणं तरी लागेपर्यंत सुटका नव्हती.

मला सिनेमा आवडला होता, आणि पापड खात घरी जाताना मी मामांच्या बाजूने विचार करून पाहिला. इंच-न्-इंच जमीन पायाखालून गेलेल्या माणसाला कुणी नकाशा दाखवला, तर तो कौतुकाने बघतो. इथे आपली विहीर, इथे बांध. पण इथे दिग्दर्शकाने नकाशा काढलाच नव्हता. त्याने जमिनीचा तुकडाच उचलून आणून पडद्यावर ठेवला होता. मी तो लांबून पाहिला म्हणून मला त्यातल्या भेगा दिसल्या. मामांना वाटलं, आपण अजून ड्यूटीवर आहोत.

त्या वर्षीचे गणपती सप्टेंबरात होते, आणि त्याच सुमारास ‘कोर्ट’ भारतातर्फे ऑस्करला जाणार, ही बातमी आली. रोह्यात मामांकडे आरती झाल्यावर तोच विषय. कुंडलिकेच्या काठच्या कट्ट्यावर मामांनी सिनेमाची हकीकत तोवर शंभर वेळा सांगितली होती, दिवे मालवण्यासकट. तेव्हा पुण्याहून आलेली त्यांची भाची, वकिली शिकणारी, मोदक फोडता फोडता म्हणाली, “पण मामा, शेवटचा रिसॉर्टचा सीन काय भारी आहे ना!”

“कुठला रिसॉर्ट?”

“जज सुट्टीत नातेवाइकांबरोबर पिकनिकला जातो तो.”

“असा सीन नाही.”

“आहे.”

“मी प्रत्यक्षदर्शी आहे,” मामा म्हणाले. माजघरात शांतता पसरली. “आणि माझ्याबरोबर पंच होता. जावईबापू, दिवे गेल्यानंतर तुम्ही कुठलाही रिसॉर्ट पाहिलात का?”

“नाही,” मी म्हणालो. खरंच पाहिला नव्हता.

“घ्या!”

“दिवे गेल्यावर तुम्ही होतात कुठे?” भाचीने मला विचारलं. पोरगी पुढे नाव काढणार.

मी गणपतीकडे पाहिलं. तो माझ्या मागे बघत होता. “जिन्यावर,” मी म्हणालो.

“साक्षीदार फितूर,” मामांनी जाहीर केलं, आणि वर भर घातली, “पेणचा माणूस. मूर्ती चांगली करतात, पण साक्षीत टिकत नाहीत.” भाचीने मोबाइलवर शोधून दाखवते म्हटलं, तर तो पुरावा ग्राह्य नाही. सिनेमा पुन्हा बघू या म्हटलं, तर अपील मुदतबाह्य. वहीत ‘निकाली’ लिहून झालं होतं. आणि शिरस्तेदारांनी निकाली लिहिलेलं प्रकरण आपण होऊन पुन्हा उघडलेलं, रोह्यात तरी कुणाच्या ऐकिवात नाही.

पाच-सहा वर्षं अशीच गेली. २०२१च्या एप्रिलात, सगळे घरांत कोंडलेले असताना, मामांचा फोन आला. आवाज निराळाच होता.

“जावईबापू, आरोपी वारला.”

मला कळेना कोण. मग कळलं. १३ एप्रिलला नागपूरला वीरा साथीदार करोनाने गेले होते. ‘कोर्ट’मधले नारायण कांबळे. पेशाने नट नव्हतेच ते. चळवळीतले कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. हे मी सांगायला लागलो, तर मामा म्हणाले, “ते पेपरात आलंय, मी वाचलंय. पण मला सांगा, तो शेवटचा भाग. त्यात त्यांचं काही होतं का?”

“मी जिन्यावर होतो, मामा.”

“हो. खरंच की,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

गाड्या सुरू झाल्यावर मी रोह्याला गेलो. भाची आलेली होती, तोवर तिने काळा कोट घेतला होता. तिने घरच्या टीव्हीवर सिनेमा लावला. मामा लेंगा-सदऱ्यात, हातात वही, खुर्चीवर ताठ. या खेपेला कॅमेरावाल्याच्या जेवणाची चौकशी झाली नाही. बाह्या नसलेली बाई आली, गेली. खडा टाकणाऱ्याची बायको आली तेव्हा मामींनी भाजी निवडायची थांबवली. शेवटी जामीन नाकारला, लोक बाहेर पडले, दिवे मालवले, पडदा काळा झाला, आणि मामा ताडकन उठून उभे राहिले.

“बसा हो!” मामी म्हणाल्या.

ते बसले. अंधार बराच वेळ राहतो. राहायला हवा तितका. मग ऊन येतं. बस, रिसॉर्ट, पोरंटोरं, पाणी. न्यायाधीश नातेवाइकांत बसलेले. एकाच्या मुलाला बोलता येत नाही, तर त्याला ते नावातल्या आकड्यांचा आणि अंगठीतल्या खड्याचा उपाय सुचवतात. मग दुपारी बाकावर डुलकी घेतात. पोरं गुपचूप येतात, कानाशी ओरडतात, पळतात. न्यायाधीश दचकून उठतात, हाती लागलेल्या एकाला थोबाडीत मारतात. पोर रडतं. ते पुन्हा डोळे मिटतात. संपलं.

भाची मामांच्या तोंडाकडे बघत होती. मी भाचीच्या.

“बसचं भाडं कुणी भरलं?” मामांनी विचारलं.

कुणी काहीच बोललं नाही.

“बरं, ते जाऊ दे. पोर कुणाचं होतं? मारलं ते बरोबर नाही.” मग जरा थांबून, “झोपले त्याबद्दल म्हणणं नाही. सुट्टी म्हणजे सुट्टी. आमचे एक साहेब तर...” इथे त्यांनी मामींकडे पाहिलं आणि साहेबांना अर्ध्यावर सोडलं.

वही उघडली. २०१५चं पान काढलं. ‘निकाली’वर एकच रेघ मारली, आणि चौतीस वर्षांच्या शिस्तीने रेघेशेजारी छोटी सही केली, खाडाखोड सहीविना वैध नसते. वर लिहिलं, ‘प्रलंबित’. मग पेन्सिल ‘पुढील तारीख’च्या रकान्यापाशी येऊन थांबली.

“तारीख कुठे दिली?” ते म्हणाले. “नीट ऐकलं मी. जामीन नाकारला, सुट्टी लागली, साहेब उठले. तारीख नाही! ही खरी चूक. व्हेनिसवाल्यांच्या लक्षात कशी आली नाही? आरोपी आत आहे.”

“मामा, ते गेले ना,” भाची हळूच म्हणाली. “आरोपी मयत झाला की प्रकरण संपतं.”

“मयत कोण झालं? साथीदार. त्यांच्या आत्म्याला शांती लाभो. आरोपी कांबळे आहे आणि तो कोठडीत आहे. दाखला आहे का तुझ्याकडे त्याच्या मृत्यूचा?” भाची, काळा कोट असून, निरुत्तर झाली. “कोर्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडतं. मी असतो तर उघडल्या दिवशी बोर्डावर पहिल्या नंबरला घेतलं असतं. म्हातारा माणूस. साहेब चिडले असते, चिडू देत. बोर्ड मी लावतो, साहेब नाही.”

आणि त्यांनी वळणदार अक्षरात रकाना भरला. मग खाली दोन ओळी लिहिल्या, पेन्सिल बाजूला ठेवून शाईचं पेन काढलं, वही माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवलं, “इथे. पंच म्हणून.”

मी चष्मा शोधला. काय लिहिलंय ते वाचायला वाकलो, तर मामा हळूच म्हणाले,

“जावईबापू, पंच वाचत नसतो.”